पुरुषांचें मौन आणि मोबाइलवरील आधार
(महोत्सवानिमित्त भरलेल्या पुरुषांच्या मेळाव्यांत प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सव समितीनें आम्हांस कळविलें होतें, कीं या मेळाव्यांत आम्हीं 'कुटुंबप्रमुखाचीं कर्तव्यें' या विषयावर बोलावें. कर्तव्यांविषयीं आपण पुष्कळ ऐकलें आहे. लग्नाच्या दिवसापासून ऐकतच आहां. तेव्हां समितीची क्षमा मागून आज आम्ही त्या कर्तव्यांच्या ओझ्याखालीं दबून जाणाऱ्या मनाविषयीं, आणि त्या मनास मोबाइलवरून मिळूं शकणाऱ्या साहाय्याविषयीं बोलणार आहों.

प्रथम आमचाच एक अपराध सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या ओळखीचे एक गृहस्थ देवळांत नियमानें शास्त्रपाठ वाचीत असत. मुंबईस एका कारखान्यांत यंत्रदुरुस्तीचें काम. वय पंचेचाळिशीच्या आंतबाहेर. एके रविवारीं ते म्हणाले, "फादर, माझें नांव यादींतून काढा. आवाज बसतो." आम्हीं त्यांस मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या करावयास सांगितलें आणि दुसऱ्याचें नांव घालून मोकळे झालों. पुढें वर्षभरानें त्यांच्याच तोंडून कळलें, कीं आवाजास कांहींच झालें नव्हतें. ओळीवरून दृष्टि पुढें सरकेना. वाक्य संपेपर्यंत त्याचा आरंभ स्मरेना. पहांटे तीनच्या सुमारास जाग येई ती येईच, आणि गाडीची वेळ होईपर्यंत ते छताकडे पाहत पडून राहत. जेवणाची गोडी गेली होती. क्षुल्लक कारणावरून मुलांवर हात उगारला जाई, आणि मग त्याच हाताची त्यांस किळस येई. "मी नसलों तर घराचें बरें होईल," हा विचार रोज मनांत डोकावूं लागला होता. आणि आम्ही गुळण्या सांगून बसलों होतों!

हें आम्हांस कां सांगितलें नाहीं, असें विचारतां ते म्हणाले, "हें पाप नव्हतें, मग जाळीपाशीं काय सांगूं? आणि तुमच्या समोर बसून सांगितलें असतें तर तुमचा चेहरा पडला असता. मग मीच तुम्हांला धीर देत बसलों असतों." या वाक्यावर आम्हीं पुष्कळ दिवस विचार केला आहे. पुरुष बोलत नाहीं याचें कारण त्याला शब्द सांपडत नाहींत, असें आपण समजतों. पुष्कळदां कारण हें असतें, कीं समोरच्याच्या तोंडावर काय उमटेल हें त्याला पाहवत नाहीं. बायको रडेल, आई खचेल, मित्र थट्टा करील, साहेब कामावरून काढील. म्हणून तो "बरें आहे" म्हणतो, आणि आपण तें खरें मानतों, कारण तें खरें मानणें आपल्यालाही सोयीचें असतें.

या गृहस्थांनीं पहिलें वाक्य उच्चारलें तें मोबाइलपाशीं. एके रात्रीं परतीच्या गाडींत त्यांच्या हातीं एक प्रश्नावली आली. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी होती, कामांत रस वाटला कां, आपण निकामी आहों असें वाटलें कां, असे नऊ प्रश्न. प्रत्येकास शून्यापासून तीनपर्यंत गुण, एकूण सत्तावीस. डॉक्टर लोक ती जगभर वापरतात. ती रोगाचें निदान नव्हे, परंतु डॉक्टरांकडे जावें कीं नाहीं याचा अंदाज तिच्यानें येतो. यांची बेरीज एकोणीस झाली. ते आम्हांस म्हणाले, "आकडा पाहिला तेव्हां प्रथम वाटलें, कीं हें माझें नाटक नाहीं." यंत्रें दुरुस्त करणाऱ्या मनुष्यास मापकावरील आंकड्याची भाषा समजली. दुसऱ्या दिवशीं गच्चीवर जाऊन त्यांनीं १४४१६ या क्रमांकावर फोन केला.

हा क्रमांक आपण लिहून घ्यावा. 'टेली-मानस' ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजीं सुरू झाली. ती चोवीस तास चालते, पैसे पडत नाहींत, आणि मराठींतही बोलतां येतें. बंगळूर येथील 'निम्हान्स' ही मानसोपचाराची संस्था तिचें मध्यवर्ती केंद्र आहे. प्रथम प्रशिक्षित समुपदेशक बोलतो. जरूर तर तज्ज्ञ डॉक्टरांशीं गांठ घालून देतात, किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयाचा मार्ग दाखवितात. २०२४ सालीं या सेवेचें ॲपही निघालें. आमच्या या मित्रांस अखेर सरकारी रुग्णालयांतच जावें लागलें. गोळ्या कांहीं महिने चालल्या. आज ते पुन्हां पाठ वाचतात, आणि पूर्वींपेक्षां सावकाश वाचतात.

आतां कोणी म्हणेल, फादर एका मनुष्याची गोष्ट सांगून भिववितात. तर सरकारच्याच गुन्हे-नोंदणी विभागाचे आंकडे ऐका. २०२२ सालीं आपल्या देशांत १,७०,९२४ जणांनीं आत्महत्या केल्याची नोंद झाली. त्यांत शंभरांत सुमारें बहात्तर पुरुष होते. चौथ्या हिश्शाहून अधिक रोजंदारीवर काम करणारे होते. राज्यांच्या यादींत सर्वांत वर महाराष्ट्राचें नांव आहे. आणि विषण्णतेचा आजार, ज्यास आपण डिप्रेशन म्हणतों, तो मात्र स्त्रियांमध्यें अधिक आढळतो, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. मग मरणाऱ्यांत पुरुष अधिक कां? कारणें अनेक आहेत: कर्ज, दारू, तुटलेली नोकरी. परंतु मदत मागण्याची लाज हेंही त्यांतलें एक मोठें कारण आहे, यांत आम्हांस संशय नाहीं. पुरुषाचा आजार पुष्कळदां अश्रूंच्या रूपानें दिसतच नाहीं. तो चिडचिडीच्या, पोटदुखीच्या, पाठदुखीच्या, सायंकाळच्या बाटलीच्या रूपानें दिसतो; आणि आपण त्या बाटलीवर प्रवचन देऊन थांबतों.

याविषयीं आम्हां धर्मगुरूंस एका आंग्लपंथीय धर्मगुरूपासून शिकण्यासारखें आहे. चॅड वारा यांनीं १९५३ सालीं लंडनमधील आपल्या देवळांत, मरणाचे विचार मनांत येणाऱ्यांसाठीं एक दूरध्वनि ठेवला. फोन करणारे, भेटीस येणारे इतके झाले, कीं बाहेरच्या खोलींत वाट पाहणाऱ्यांस चहा देण्यास कांहीं साधे स्वयंसेवक बसविले. थोड्याच दिवसांत वारांच्या लक्षांत आलें, कीं पुष्कळ मंडळी त्या चहा देणाऱ्यांशींच बोलतात, हलकीं होतात, आणि मग फादरांस न भेटतांच घरीं जातात. दुसरा एखादा असता तर रागावला असता. त्यांनीं १९५४ सालीं तें काम त्या ऐकणाऱ्यांच्याच हवालीं केलें. तीच 'समॅरिटन्स' ही संस्था. १९९४ पासून ती ई-मेलवरूनही दुःख ऐकूं लागली. म्हणजे ज्यास आवाजही दाखवावयाचा नाहीं, त्याच्यासाठींही दार उघडलें.

आजार जडल्यावर मदत मिळते, हें झालें. तो जडूं नये म्हणून कांहीं करतां येतें काय? ऑस्ट्रेलियांत याचा एक चांगला प्रयोग झाला. खाणी, बांधकाम यांसारख्या पुरुषबहुल उद्योगांतील कामगार डोळ्यांपुढें ठेवून 'हेडगिअर' नांवाचें ॲप रचण्यांत आलें. तीस दिवस, रोज थोडीं मिनिटें एखादा लहानसा अभ्यास: श्वासाकडे लक्ष देणें, टाकून दिलेलें एखादें आवडतें काम पुन्हां हातीं घेणें, असा. २,२७१ नोकरदारांचे दोन गट करून वर्षभर पाहणी केली. दुसऱ्याच प्रकारचें ॲप मिळालेल्या गटांत विषण्णतेचें प्रमाण शेंकडा ८ आढळलें. हेडगिअरच्या गटांत शेंकडा ३.५. आम्हांस हा आंकडा लहान वाटत नाहीं. तरी त्यापासून फार मोठें अनुमान काढूं नये. तो परदेशांतील एक प्रयोग आहे, आणि अशीं ॲपें पुष्कळ लोक थोड्याच दिवसांत सोडून देतात, हें सर्वत्र दिसून आलें आहे. उपवासाच्या काळांतील आपल्या संकल्पांचें काय होतें, तें आम्हांस ठाऊक आहेच.

दोन सावधगिऱ्या सांगणें जरूर आहे. ज्या मोबाइलवर आधार मिळतो, त्याच मोबाइलवर जुगार आहे, दहा मिनिटांत मिळणारें कर्ज आहे, आणि त्या कर्जाच्या वसुलीची धमकीही आहे. शिवाय आधार विकणारे सर्वच विश्वासू नसतात. अमेरिकेंत २०२३ सालीं एका मोठ्या ऑनलाइन समुपदेशन कंपनीवर ग्राहकांची खाजगी माहिती जाहिरातीसाठीं दुसऱ्यांस पुरविल्याचा ठपका आला, आणि तिला ७८ लाख डॉलर देणें भाग पडलें. दुसरें असें, कीं आतां यंत्रच माणसासारखें बोलूं लागलें आहे. रात्रीं त्याच्याशीं बोलून कोणास बरें वाटत असेल तर आम्ही हसणार नाहीं. परंतु जिवाचा प्रश्न असेल तेव्हां पलीकडे जागा असलेला मनुष्यच हवा.

आणि कायद्याची भीति बाळगूं नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें रुग्णाची माहिती गुप्त राखण्याचा हक्क दिला आहे. जिवावर उदार झालेला मनुष्य तीव्र ताणाखालीं होता असें धरून चालावें, आणि त्यास शिक्षा न होतां सरकारनें त्याची काळजी घ्यावी, अशीही तरतूद त्यांत आहे. आपल्या धर्मसभेचेंही मन या बाबतींत मृदु झालें आहे. पूर्वीं अशा मृतांस अंत्यविधि नाकारण्यांत येई. १९८३ च्या धर्मविधानांतून तो उल्लेख गेला. ज्या घरांनीं तें जुनें दुःख मुकाट्यानें सोसलें, त्यांचीं नांवें आम्ही येथें घेत नाहीं. तीं आपणांस ठाऊक आहेत.

गेल्या महिन्यांत पुरुषमंडळाच्या बैठकींत १४४१६ हा क्रमांक मोठ्या अक्षरांत छापून देवळाच्या दर्शनी फलकावर लावण्याचें ठरत होतें. तेव्हां मागें बसलेले एक सभासद, जे सहसा बोलत नाहींत, उठून म्हणाले, "फलकावर नको. तेथें उभा राहून लिहून कोण घेणार? सभागृहाच्या संडासाच्या दारास आंतून लावा. तेथें कोणी पाहत नाहीं." बैठकींत थोडा हंशा झाला. मग सूचना एकमतानें मान्य झाली, आणि तो कागद तेथेंच लावला आहे.