मोबाईल पोरीच्या हाती द्या, काहीतरी बनवायला द्या

(प्रभागसंघाच्या बैठकीत क्षेत्र समन्वयकाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



बचत, परतफेड, बँकेचं काम सगळं बोलून झालं. आता दहा मिनिटं आपल्या पोरींबद्दल बोलू.

आपल्याकडे बहुतेक घरी एकच चांगला मोबाईल असतो. दिवसभर तो बाबाच्या खिशात आणि सांजच्याला पोट्ट्याच्या हातात. पोरीने मागितला की आपणच विचारतो, “कायले पाहिजे वं तुले?” ती नुसते व्हिडिओ बघत बसेल ही भीती काही खोटी नाही. पण मोबाईलमध्ये जे ॲप चालतं ते कोणीतरी बनवलेलं असतं, आणि साधं ॲप आठवी-नववीची पोरगीही बनवू शकते.

मुंबईच्या धारावीत हे झालं आहे. नवनीत रंजन हे माहितीपट बनवणारे गृहस्थ. त्यांनी २०१४ च्या सुमारास तिथल्या नया नगर वस्तीत मुलींना शिकवायला सुरुवात केली. उपक्रमाचं नाव ‘धारावी डायरी’. मुलींनी सुरुवात वस्तीतल्या अडचणींपासूनच केली. पाण्यासाठी रांगेत तासन्‌तास जायचे, म्हणून त्यांनी असं ॲप केलं की रांगेत नंबर मोबाईलवरच लावायचा आणि आपली पाळी आली की इशारा येतो. दुसरं ॲप ‘विमेन फाइट बॅक’. बाई संकटात सापडली तर मोठा आवाज करायचा, ओळखीच्यांना संदेश पाठवायचा, ती कुठे आहे ते कळवायचं. या मुली मोठ्या घरच्या नव्हत्या, छोट्या खोल्यांत राहणाऱ्या कष्टकऱ्यांच्या लेकी होत्या.

त्यांनी वापरलं ते साधन म्हणजे ‘ॲप इन्व्हेंटर’. २०१० मध्ये गूगलने ते आणलं, नंतर अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाने सांभाळायला घेतलं. ते फुकट आहे. संगणकावर इंटरनेट उघडायचं, रंगीत ठोकळे एकमेकांत बसवायचे. “बटन दाबलं तर” हा एक ठोकळा, “हे दाखव” हा दुसरा. अँड्रॉइड मोबाईल जोडला की केलेलं काम लगेच त्यावर दिसतं. बटनावर “व्याज सांगा” असं मराठीत लिहिता येतं.

शिकायचं कसं? नुसतं फळ्यावर बघून स्वयंपाक येत नाही, तसंच हे. एक छोटं काम हाती घ्यायचं आणि ते पूर्ण करायचं. आपल्या गटाचंच काम घेऊ. समजा, एका ताईने १०,००० रुपये कर्ज घेतलं, व्याज महिन्याला २ टक्के. पहिल्या महिन्याचं व्याज २०० रुपये. तिने १,००० रुपये मुद्दल फेडलं, उरले ९,०००. पुढच्या महिन्याचं व्याज १८० रुपये. पोरीने केलेलं ॲप दुसऱ्या महिन्यातही २०० दाखवू लागलं तर ती चूक कोण पकडेल? तुम्ही पकडाल! कारण रजिस्टर तुम्ही लिहिता, उरलेल्या मुद्दलावर व्याज लागतं हे तुम्हाला माहीत आहे. मग पोरगी ठोकळे पुन्हा उघडून बघेल, चूक शोधेल, दुरुस्त करेल. खरं शिक्षण तिथे होतं. पोरीला संगणक येतो, आईला हिशोब येतो. दोघी मिळून ॲप होतं.

आता जंगलाचं. मोहफूल वेचायला, तेंदूपत्त्याला आपण पहाटे निघतो, आणि ब्रह्मपुरीच्या जंगलात वाघ किती आहेत ते मी काय सांगावं! वनविभागाचा हॅलो फॉरेस्ट नंबर १९२६ आहे. एक बटन दाबलं की हा नंबर लागावा, दुसरं दाबलं की गटातल्या पाच जणींना “या वाटेने येऊ नका” असा संदेश जावा, एवढं ॲप पोरी करू शकतात. पण जंगलात रेंज नसेल तर फोनही लागणार नाही, संदेशही जाणार नाही. म्हणून एकटीने जायचं नाही, वनविभागाची सूचना पाळायची, हे तसंच राहील. ॲप काय करू शकत नाही हे कळणं हाही शिक्षणाचाच भाग आहे.

तुमच्या मनात फसवणुकीचं भेव आहे, ते रास्त आहे. म्हणून नियम पक्के ठेवू. शिकताना खरी नावं, आधार नंबर, बँक खातं ॲपमध्ये टाकायचं नाही, खोटी नावं आणि खोटे आकडे वापरायचे. ओटीपी कोणालाच सांगायचा नाही. गटाचं खरं रजिस्टर कागदावर चालूच राहील.

सगळ्याच पोरी इंजिनिअर होतील असं मी म्हणत नाही. पण दहावी झाली, आता पुढे काय, आणि लगेच पाहुणे बघायला येतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. त्या वेळी पोरीने हाताने बनवलेली एक वस्तू घरात सगळे वापरत असतील, तर “तिला पुढे शिकवू” हे आईला ठामपणे म्हणता येतं. बापालाही ते ऐकावं लागतं.

म्हणून तीन गोष्टी मागते. पहिली, जेवणं झाली की रोज एक तास मोबाईल पोरीला द्या आणि तिच्या बाजूला बसा. दुसरी, शाळेतला संगणक सुटीच्या दिवशी पोरींना मिळावा म्हणून ग्रामसंघाचा ठराव करून मुख्याध्यापकांना द्या. एकटीचं बोलणं राहून जातं, ठरावाला उत्तर द्यावं लागतं. तिसरी, पुढच्या बैठकीला प्रत्येक गटाने एक अडचण कागदावर लिहून आणा. हिशोबाची असो, पाण्याची असो, धानाची असो. आणि त्या अडचणीपुढे ज्या पोरी हे काम करतील त्यांची नावं लिहा.

रोवणी लागली की कोणाला फुरसत नसते. त्याआधी सुरुवात करू.