मुलाला कोणत्या कॉलेजात घालावे?

(जांबोटी येथे पालकांच्या सभेत एका शिक्षकाने केलेल्या भाषणाचा हा मजकूर. जांबोटीच्या शेतकऱ्यापुढे जो प्रश्न आहे तोच आमच्या सत्तरी-पेडण्याच्या शेतकऱ्यापुढे आणि किनाऱ्यावरच्या रापणकारापुढेही आहे, म्हणून तो वाचकांसाठी देत आहोत. – संपादक)



मी गोव्याचा, फोंडा महालातल्या एका देवस्थानाच्या गावी मास्तरकी करणारा माणूस. तुमच्या गावावरून जाणारा रस्ता चोर्ल्याच्या घाटाने आमच्याकडे उतरतो. तुमची माणसे खाली येतात, आमची वर जातात. त्यामुळे आज जे बोलणार आहे ते परक्याच्या घरात बोलतो आहे असे मला वाटत नाही.

दहावी-बारावीचा निकाल लागला की पालक शाळेत येतात आणि एकच प्रश्न विचारतात. "मास्तर, कॉलेज कुठले चांगले? बेळगावचे, धारवाडचे की कोल्हापूरचे?" मी उलट विचारतो, "चांगले, पण कुणासाठी?" डोंगरउतारावर नाचणी होते, पाणथळीत भात होते. नाचणीची जमीन वाईट आणि भाताची चांगली असे आपण म्हणत नाही. कॉलेजाचेही तसेच आहे. मुलाची भाषा, घरची पुंजी, हातातले दाखले आणि पुढे करायचा धंदा, या चार गोष्टी बघून कॉलेज ठरवायचे असते. नाव मोठे की लहान हे त्यानंतर.

आधी थोडा इतिहास सांगतो, कारण आजचा गुंता तिथूनच सुरू झाला. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. कोल्हापूरचे राजाराम कॉलेज १८८० सालचे. बेळगावचे लिंगराज कॉलेज १९३३ साली निघाले आणि राणी पार्वतीदेवी कॉलेज १९४५ साली. ही सारी त्या काळी मुंबई विद्यापीठाच्याच छत्राखाली होती. बेळगावचा मुलगा आणि कोल्हापूरचा मुलगा एकच परीक्षा देत होते. राणी पार्वतीदेवी कॉलेज ज्या संस्थेने काढले तिचे नाव बघा, साउथ कोकण एज्युकेशन सोसायटी. कॉलेज घाटावर आणि संस्थेच्या नावात कोकण! घाटाच्या वरचे आणि खालचे लोक तेव्हा एकाच मुलुखातले समजले जात, त्याची ही खूण आहे.

आमच्या गोव्यात पोर्तुगीज अमदानीत पणजीला १८४२ पासून वैद्यकीय शाळा होती, लिसेव होते, पण कला-विज्ञानाचे कॉलेज नव्हते. ज्याला पदवी हवी त्याने घाट चढून बेळगाव-धारवाड गाठावे, नाही तर पुण्या-मुंबईला जावे. गोवा १९६१ साली मुक्त झाला आणि १९६२ साली पणजीला धेंपे व मडगावला चौगुले कॉलेज निघाले. तीही मुंबई विद्यापीठालाच जोडलेली होती.

मग वाटण्या झाल्या. १९४९ साली कर्नाटक विद्यापीठ झाले, ते पुढे धारवाडला स्थिरावले. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि बेळगाव जिल्ह्यातलाच चंदगड तालुका मुंबई राज्यात आला. १९६२ साली कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ, १९८५ साली गोवा विद्यापीठ आणि २०१० साली बेळगावला राणी चन्नम्मा विद्यापीठ झाले. विद्यापीठ घराजवळ आले हे चांगलेच झाले. पण भावाभावांत वाटणी झाली की बांध पडतात, तसे इथेही पडले. अभ्यासक्रम, वेळापत्रक, फी, दाखले, सारे वेगळे झाले. तुम्हाआम्हाला आता हे बांध ओळखून चालायचे आहे.

हे नीट बघायचे असेल तर निपाणीला जावे. शहर कर्नाटकात. शहराला लागूनच अर्जुननगर, ते महाराष्ट्राच्या कागल तालुक्यात. तिथे देवचंद कॉलेज आहे आणि ते शिवाजी विद्यापीठाचे. निपाणी शहरातच बागेवाडी कॉलेज आहे, ते कर्नाटकातले. एकाच गल्लीतले दोन भाऊ दोन कॉलेजांत गेले तर दोघांची विद्यापीठे वेगळी, परीक्षा वेगळ्या आणि पदवीचे कागदही वेगळे. एक भाऊ सकाळी महाराष्ट्रात शिकायला जातो आणि दुपारी कर्नाटकात जेवायला येतो. निपाणीकर ही सोय अनेक वर्षे वापरत आले आहेत. आपण मात्र आपल्या जवळची दारेसुद्धा मोजून बघत नाही.

तर एकेक दार बघू.

पहिले दार बेळगावचे. जांबोटीला हेच जवळ. सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळी घरी येता येते. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात राहणाऱ्या मुलींना राज्याच्या साध्या सरकारी बसचे तिकीट पडत नाही. ज्या घरी मुलीचे शिक्षण बसच्या पैशापायी थांबत होते, त्यांना आता ते कारण उरले नाही. कला, वाणिज्य, विज्ञान, कायदा, सारे बेळगावात आहे. वैद्यकीय कॉलेज १९६३ पासून आहे. विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठ १९९८ साली झाले आणि त्याची मुख्य कचेरी बेळगावातच आहे. पण डॉक्टरी आणि इंजिनिअरिंगची यातली बरीच कॉलेजे खाजगी संस्थांची आहेत. विहीर दारात आहे, पण दोर लांब हवा. सरकारी कोट्यातून जागा मिळाली तर गोष्ट वेगळी आणि संस्थेच्या कोट्यातून घेतली तर वेगळी. जमीन गहाण टाकण्याआधी कोटा कोणता ते लेखी विचारून घ्या.

दुसरे दार कोल्हापूरचे. शिवाजी विद्यापीठाची कॉलेजे कोल्हापूर, सांगली, सातारा या तीन जिल्ह्यांत आहेत. त्यासाठी थेट कोल्हापूर शहरच गाठावे असे नाही. शेजारच्या चंदगड तालुक्यात चंदगडला आणि हलकर्णीला कॉलेजे आहेत. या विद्यापीठाचा मोठा गुण असा की कला आणि वाणिज्य शाखांत मराठीतून शिकता येते आणि मराठीतून पेपर लिहिता येतो. दुसरा गुण राहण्याच्या सोयीचा. शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापूरला मराठा बोर्डिंग काढले आणि नंतर जातीजातींची वसतिगृहे उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि शेतकऱ्याच्या मुलाला काम करून शिकायची वाट दाखवली. शिवाजी विद्यापीठात कमवा व शिका योजनेचे विद्यार्थी भवन आहे. ज्याच्या बापाला दरमहा खानावळीचे पैसे पाठवणे जमत नाही, त्याने आधी तिथे चौकशी करावी.

तिसरे दार आमच्या गोव्याचे. गोवा विद्यापीठ लहान आहे आणि वर्गही लहान असतात, त्यामुळे प्राध्यापकाला मुलाचे तोंड माहीत असते. मराठीचा विभागही आहे. पण बाकी शिकवणे बहुतेक इंग्रजीतून चालते. शिवाय गोव्यातल्या व्यावसायिक कॉलेजांत राज्याच्या जागांसाठी वास्तव्याचा दाखला लागतो. गोवा सरकारच्या नोकरीच्या जाहिरातीत कोंकणीचे ज्ञान आवश्यक आणि मराठीचे इष्ट असे लिहिलेले असते. हे माहीत नसताना इकडची पदवी घेऊन नोकरीची आशा धरू नये.

धारवाड हे चौथे दार. बेळगावात एखादा विषय एम.ए., एम.एस्सी.ला नसेल तर धारवाडला बघावे. ते जुने विद्यापीठ आहे, ग्रंथालय मोठे आहे.

एक बारीक गोष्ट इथेच सांगून टाकतो. कर्नाटकाने २०२४ साली चार वर्षांच्या पदवीचा बेत सोडून पुन्हा तीन वर्षांची पदवी ठेवली. महाराष्ट्रात आणि गोव्यात तीन वर्षांनी पदवी घेता येते किंवा चौथे वर्षही करता येते. बेळगावात बी.ए. करून कोल्हापूरला किंवा गोव्यात एम.ए.ला जायचे असेल तर तिथे किती वर्षे लागतील, ते बी.ए.ला नाव घालण्यापूर्वीच विचारा.

आता जे दार आपल्या लोकांना दिसतच नाही त्याविषयी बोलतो. शेतकऱ्याचा मुलगा जवळ आहे म्हणून बी.ए.ला जातो, रापणकाराचा मुलगा बी.कॉम.ला जातो. बी.ए. वाईट नाही. पण ज्याचा बाप पावसाचा रंग बघून पेरणी ठरवतो, त्याला शेतकी कॉलेज कुठे आहे तेच माहीत नसते. धारवाडला कृषी विद्यापीठ १९८६ पासून आहे. महाराष्ट्रात राहुरीचे १९६८ साली झाले आणि त्याचे शेतकी कॉलेज कोल्हापुरात आहे. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ १९७२ सालचे. गोव्यात केपे-सांगेच्या बाजूला सुळकर्ण्याला २०१५ साली पहिले शेतकी कॉलेज निघाले. कर्नाटकात शेतकीच्या जागांचा मोठा हिस्सा शेतकऱ्यांच्या मुलांसाठी राखीव असतो आणि त्यासाठी प्रात्यक्षिक परीक्षा घेतात. हे बी कशाचे, हे अवजार कसले, असे विचारतात. तुमच्या मुलाने ते शेतात बघितलेले असते, शहरातल्या मुलाला ते पुस्तकातून पाठ करावे लागते. महाराष्ट्रात सात-बाराच्या उताऱ्यावर शेतकऱ्याच्या मुलाला जादा गुण मिळण्याची सोय आहे.

हे भाषण आमच्या किनाऱ्यावरही वाचले जाईल, म्हणून मासेमारीचेही सांगतो. मत्स्यशास्त्राचे देशातले पहिले कॉलेज मंगळुरूला १९६९ साली निघाले. रत्नागिरीजवळ शिरगावला आणखी एक आहे, ते १९८१ सालचे आणि दापोलीच्या विद्यापीठाचे. गोव्यात दोनापावलला समुद्रविज्ञानाची राष्ट्रीय संस्था आहे, तिची स्थापना १९६६ सालची. मासा कमी का झाला, कोळंबीचे बी कसे तयार करावे, पकडलेला माल बर्फात किती तास टिकतो, हे प्रश्न आपल्या घरात रोज बोलले जातात. ते पुस्तकात शिकवणारी कॉलेजे आहेत आणि तिथे आपली मुले थोडी आहेत. या शेतकी आणि मत्स्य कॉलेजांतल्या काही जागा अखिल भारतीय परीक्षेतून भरतात, म्हणजे तिथे राज्याचा बांध आडवा येत नाही.

आता दाखल्यांविषयी, कारण हुशार मुलाचे नुकसान होते ते पुष्कळदा इथेच. कर्नाटकात डॉक्टरी-इंजिनिअरिंगच्या सरकारी जागेसाठी मुलाने पहिली ते बारावीपैकी निदान सात वर्षे कर्नाटकात शिकलेले असावे लागते आणि दहावी किंवा बारावी इथून पास व्हावे लागते. महाराष्ट्राने सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी व्यावसायिक कॉलेजांत वेगळी सोय ठेवली आहे. मुलगा त्या भागातल्या शाळेतून पास झालेला असावा आणि त्याची मातृभाषा मराठी असावी, अशी अट आहे. खानापूर तालुक्याचा मोठा भाग त्या यादीत आहे. कर्नाटकानेही जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, गडहिंग्लज या तालुक्यांतल्या कन्नड मुलांना असेच दार ठेवले आहे. म्हणजे सीमेवरचे मूल अडचणीत असते हे दोन्ही सरकारांना पटलेले आहे.

याचा अर्थ असा की तुमचे मूल इथल्याच शाळेत शिकले तर त्याच्यापुढे दोन दारे असू शकतात. पण कागद नीट हवेत. शाळेच्या नोंदीत मातृभाषा काय लागली आहे ते आजच बघा. नाव, आडनाव, जन्मतारीख सर्व कागदांवर एकसारखी आहे का ते बघा. गावाच्या नावाचे स्पेलिंग एके ठिकाणी एक आणि दुसरीकडे दुसरे असले तरी कारकून अर्ज परत करतो. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, म्हणून त्या वर्षाची माहितीपुस्तिका वाचून घ्या. स्वतःला वाचता येत नसेल तर मास्तरांकडे जा, आमचे ते कामच आहे.

शेवटची गोष्ट भाषेची. मराठी शाळेत पहिला येणारा मुलगा विज्ञान शाखेत गेल्यावर पहिल्या वर्षी गडबडतो. घरचे म्हणतात, पोराचे लक्ष उडाले. लक्ष उडालेले नसते. जे त्याला प्रकाशसंश्लेषण म्हणून पाठ होते ते तिथे फोटोसिंथेसिस म्हणून येते आणि त्याला ओळखीचा माणूस परका वाटतो. आमच्या गोव्यातल्या मराठी शाळांतून वर गेलेल्या मुलांचेही हेच होते. यावर उपाय मराठी सोडण्याचा नव्हे. आठवीपासून विज्ञान-गणिताच्या शब्दांची वही करावी, एका बाजूला मराठी शब्द आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी. रोज पाच शब्द. तीन वर्षांत मुलगा कोणत्याही वर्गात बसायला भिणार नाही. इथल्या मुलाने कन्नडही नीट शिकून घ्यावे. या राज्यात नोकरी धरायची तर ते लागतेच, आणि जास्तीच्या भाषेने कुणाचे नुकसान झालेले मी पाहिले नाही.

म्हणून कॉलेज बघायला जाल तेव्हा एवढे विचारा. शिकवतात कोणत्या भाषेत आणि पेपर कोणत्या भाषेत लिहिता येतो? त्या विषयाला कायमचे प्राध्यापक किती आणि तासावर येणारे किती? वसतिगृह आहे का आणि खानावळीसकट वर्षाचा खर्च किती? मागच्या वर्षी पास झालेली मुले आज कुठे आहेत? नॅकची श्रेणी दारावर लावलेली असते, ती वाचा. पण ती सबंध संस्थेची असते, तुमच्या मुलाच्या विषयाची नव्हे. आणि एकदा वर्ग चालू असताना बाहेर उभे राहून बघा. शेतकरी बैल घेताना चारदा चालवून बघतो. मुलाची तीन-चार वर्षे देताना निदान एक खेप तरी घालावी.

या मुलुखात पूर्वी एक विद्यापीठ होते, आज अनेक आहेत. बांध कुणी घातले आणि ते असावेत की नसावेत याचा वाद चालू राहील, तो आपल्या जागी आहे. पण आज दहावीत असलेल्या मुलाला त्याचा निकाल लागेपर्यंत थांबता येत नाही. त्याला येत्या जूनमध्ये कुठल्या तरी दाराने आत जायचे आहे. ते दार अंधारात चाचपडून न निवडता डोळे उघडे ठेवून निवडावे, एवढेच सांगायला मी घाट चढून आलो.