ज्यांच्याशी संसार राहिला नाही, त्यांच्या नोकरीसाठी प्रार्थना

 

आजचा विषय आपल्या मंडळ्यांमध्ये सहसा निघत नाही. घटस्फोट झाला, कोर्टाचे कागद हातात आले. आता ज्या माणसाशी आपला संसार राहिला नाही, त्याची नोकरी टिकावी, त्याचं बरं व्हावं, अशी प्रार्थना करायची का? आणि करायची, तर कशी?

मी स्वतः घटस्फोटित आहे आणि मला एक मुलगी आहे. दोन वर्षांपूर्वी तिच्या वडिलांच्या कंपनीत माणसं कमी करायला सुरुवात झाली. तिला ते फोनवर कळलं. रात्री प्रार्थनेला बसलो तेव्हा ती म्हणाली, "आई, बाबांच्या नोकरीसाठी प्रार्थना कर ना." मी डोळे मिटले, पण शब्द फुटेनात. पहिला विचार आला तो तिच्या फीचा. दुसरा आला, की फीसाठी केलेली प्रार्थना ही प्रार्थना म्हणायची का?

यिर्मयाचा 29वा अध्याय आपल्याला माहीत असतो, निदान त्यातलं 11वं वचन. देवाच्या मनात आपल्याविषयी हिताचे संकल्प आहेत, असं सांगणारं ते वचन कितीतरी घरांत कॅलेंडरवर असतं. पण त्याच्या चार वचनं आधी, 7व्या वचनात, एक अवघड आज्ञा आहे. ती भिंतीवर कोणी लावत नाही. यरुशलेमेतून बंदिवान करून बाबेलला नेलेल्या लोकांना यिर्मया पत्र लिहितो. घरदार सुटलेली ती माणसं. त्यांना तो सांगतो की ज्या शहरात तुम्हाला नेलं, त्याच शहराच्या हितासाठी देवाकडे विनंती करा, कारण त्याच्या हितात तुमचं हित आहे. मूळ हिब्रूत तिथे 'शालोम' हा शब्द आहे. शालोम म्हणजे नुसती शांती नव्हे. आरोग्य, सुरक्षितता, पोटापाण्याची सोय, हे सगळं त्यात येतं. म्हणजे नोकरीसुद्धा.

माझ्या मुलीचे वडील म्हणजे बाबेल, असं मी म्हणत नाही हं! पण या वचनाने मला दोन गोष्टी शिकवल्या.

पहिली, प्रार्थनेत आपलंही हित गुंतलेलं असलं तर देव ती परत पाठवत नाही. माझ्या लेकराची फी त्यांच्या पगारातून येते. हे देवापासून लपवून मोठमोठे शब्द वापरण्यापेक्षा सरळ सांगितलेलं बरं. सुरुवात फीपासून होऊ दे. रोज एखाद्याचं नाव देवापुढे घेतलं की प्रार्थना हळूहळू फीच्या पुढे जाते. त्यांना रात्री झोप लागत असेल का, म्हातारे आई-वडील त्यांच्यावरच अवलंबून आहेत, हेही आठवू लागतं.

दुसरी गोष्ट, ज्याच्यासाठी प्रार्थना करतो त्याचं सगळं बरोबर होतं, असं म्हणावं लागत नाही. ज्या यिर्मयाने बाबेलसाठी प्रार्थना करायला सांगितली, त्याच्याच पुस्तकात 50व्या आणि 51व्या अध्यायांत बाबेलविरुद्ध न्यायाची वाणी आहे. म्हणून माझ्या बहिणींनो, ज्या घरात मार होता तिथून तुम्ही बाहेर पडला असाल, तर प्रार्थना म्हणजे परत जाणं नव्हे. 2005 च्या कायद्याने दिलेलं संरक्षण घ्या, पत्ता देऊ नका, फोन उचलू नका. आणि आज त्या माणसासाठी प्रार्थना करवत नसेल, तर तुमच्या वतीने ती पाळकांना किंवा मंडळीतल्या एखाद्या विश्वासू बहिणीला करू द्या.

मत्तयाच्या 5व्या अध्यायात प्रभू शत्रूंसाठीही प्रार्थना करायला सांगतो आणि सूर्य-पावसाचं उदाहरण देतो. पाऊस पाडताना देव कोणाचा सातबारा बघत नाही. आपणही बघायचा नाही.

आता थोडं व्यवहाराचं. प्रार्थनासभेत अशी विनंती मांडताना जपा. "त्यांची नोकरी गेली बरं का, प्रार्थना करा," असं म्हणत आपण पुष्कळदा बातमीच वाटत असतो. नाव आणि तपशील देवाला माहीत आहेत. "एका कुटुंबाच्या उपजीविकेसाठी," एवढं पुरे. मुलांसमोर प्रार्थना करताना तिच्यात टोमणा नको. "देवा, त्यांना सद्बुद्धी दे," हे वाक्य कुठल्या सुरात म्हटलं, ते मुलांना बरोबर कळतं. आणि ज्यांचं दुसरं लग्न झालं आहे त्यांच्यासाठी प्रार्थना करताना त्या नव्या घराचंही भलं मागा. ते जड जातं, मान्य आहे. त्यांचं घर मोडावं आणि ते परत यावेत, असं मात्र देवाकडे मागू नका.

तुम्ही विचाराल, नोकरीचं काय झालं? नोकरी गेली. आमची प्रार्थना तशी ऐकली गेली नाही. काही महिने पैसे कमी आले. पण त्यांनी ते स्वतः फोन करून सांगितलं आणि मला ते शांतपणे ऐकता आलं. शाळेत विनंती करून फीचे हप्ते करून घेतले. मिळकत खरोखर घटली तर पोटगीची रक्कम बदलून मागता येते, भारतीय घटस्फोट कायद्यातही तशी तरतूद आहे. तो विषय वकिलाकडे न्यावा. प्रार्थनेने वकिलाचं काम होत नाही. पण कडवटपणा मनात न ठेवता वकिलासमोर बसण्याचं बळ प्रार्थनेने मिळतं.

आता सोबत प्रार्थना करू या.

हे स्वर्गीय पित्या, ज्यांच्याशी आमचं नातं तुटलं, त्यांचं नाव आज तुझ्यापुढे घेतो. त्यांच्या हाताला काम दे. कामावर त्यांचा मान राहू दे, आजारपणात त्यांना सांभाळ. आमच्या लेकरांना दोन्ही घरांत तुझी माया दिसू दे. आमच्या मनात जे अजून दुखतं, ते तुला ठाऊक आहे, त्यावर तू हात ठेव. येशूच्या नावात मागतो. आमेन.