ग्रेनाडाला निघताना



कॅरिबियन समुद्रातील ग्रेनाडा बेटावर वैद्यकीय शिक्षणासाठी निघालेल्या विद्यार्थ्याने,
कपड्यांच्या घड्या घालण्यापूर्वी,
पारपत्र, प्रवेशपत्र, लसीकरणाचे दाखले
आणि या साऱ्या दस्तऐवजांच्या नकला
हातातल्या पिशवीत ठेवाव्यात.
पुन्हा सांगतो, हातातल्याच पिशवीत.

वीज तेथेही 230 व्होल्टची;
परंतु भिंतीवरील खाचा ब्रिटिश धाटणीच्या, चौकोनी पायांच्या,
आणि आपली गोल पायांची पिन त्यांत शिरत नाही.
सबब, अडॅप्टर घ्यावेत.

जून ते नोव्हेंबर हा तेथील चक्रीवादळांचा मोसम.
2004 साली ‘आयव्हन’ वादळाने बहुसंख्य घरांची नासधूस केली होती;
तेव्हा विजेरीची तजवीज अवश्य असावी.

आईच्या हातचा गोडा मसाला
घट्ट झाकणाच्या डब्यात जरूर न्यावा.
जायफळ मात्र नको;
ते त्या बेटावरच पिकते,
त्याच्या राष्ट्रध्वजावरही विराजते.