उताराची परीक्षा

डोंगरातल्या शर्यतीत माणूस चढावर हरतो, असा आपला समज असतो. सपाट रस्त्यावर पळणाऱ्यांचा तर असतोच. पण चढावर लागलेला दम थांबलं की ओसरतो. उतारावर मांड्यांचं जे होतं, ते थांबून भरून येत नाही.

चढताना मांडीचा स्नायू आखडतो आणि शरीराला वर ढकलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असतो आणि त्याच वेळी ब्रेकचं काम करत असतो. यात त्याच्या तंतूंना बारीक बारीक इजा होते. ठणका तिथल्या तिथे कळत नाही, तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जोर धरतो. गंमत म्हणजे, उतारावरचा एकच दमदार सराव पुढचे काही आठवडे या इजेपासून बराच बचाव करतो. नेमका तोच माझ्या गाठीशी नव्हता.

सिंहगड-राजगड-तोरणा ही ५३ किलोमीटरची शर्यत. मी नाव बरंच आधी नोंदवलं होतं. ऑगस्टमध्ये आई न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली. पुढे डिसेंबरपर्यंत माझं पळणं म्हणजे पहाटे कॉलनीभोवती अर्धा तास. गड एकदाही चढलो-उतरलो नाही. दवाखाना, औषधं आणि नोकरी यांतून वेळ निघाला नाही, इतकंच.

जायला आईनंच सांगितलं. "जा रे. तू समोर बसून राहिलास म्हणून माझं हाड लवकर जुळणार नाही. फक्त दुसऱ्या दिवशी मला उठवायला धड परत ये." शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी कामाच्या बाई येणार नव्हत्या. आईला पलंगावरून खुर्चीत घ्यायचं म्हणजे गुडघ्यांत वाकायचं, तिला कवेत धरायचं आणि सरळ उभं राहायचं. म्हणजे पुन्हा मांड्याच.

तयारी कमी असेल तर जाऊच नये, असं सरसकट सांगणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. कुठली तयारी कमी आहे हे ठाऊक हवं, आणि कुठे थांबायचं ते घरीच ठरवायला हवं. थकलेल्या डोक्याला डोंगरावर विचारलं, तर ते 'अजून थोडं' असंच म्हणतं. मी गुंजवणे ठरवलं. तिथवर गाडीरस्ता आहे. तिथून वाट राजगडावर चढते, संजीवनी माचीवरून तोरण्याच्या धारेला लागते आणि मग वेल्ह्याला उतरते. त्या धारेवर पाय गेले, तर दुसऱ्या कुणाला तरी आपल्याला उचलून आणावं लागतं. गुंजवण्यात हात न टेकता तीन पायऱ्या नीट उतरता आल्या तर पुढे, नाहीतर घरी, एवढी साधी अट.

अंधारात, विजेरीच्या उजेडात सिंहगड चढताना काहीच जाणवलं नाही. सगळे चढ मी चालतच घेतले. धारेवर उजाडलं, समोर राजगड आणि तोरणा उभे राहिले आणि उगाचच वाटून गेलं, जमेल की! पुढे विंझरकडचा उतार लागला. वाळलेलं गवत, त्याखाली सुटा मुरूम. कारवीच्या काठ्या धरत, कुठे चक्क बसून घसरत मी उतरलो. मागून पोरं "काका, साइड!" म्हणत उड्या मारत पुढे जात होती. पाणी मात्र तहानेपुरतंच आणि जोडीला मीठ लावलेलं लिंबू. नुसतं पाणी ढोसत राहणंही धोक्याचं असतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये शेवटी रक्त तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम घटलेलं आढळलं होतं, आणि शर्यतीत भरपूर पाणी पिऊन वजन वाढलेल्यांना हा धोका अधिक होता.

गुंजवण्यात एका घराच्या ओट्यावर चढलो आणि उतरू लागलो. पहिली पायरी ठीक. दुसरीवर डावा गुडघा असा लचकला, की हात आपोआप भिंतीला गेला.

"काका, वेळ आहे अजून," पाणी देणारा मुलगा म्हणाला. "दहा मिनिटं टेका, होईल."

झालंही असतं कदाचित. वर सुवेळा माचीचं नेढं लख्ख दिसत होतं. मी छातीवरचा नंबर काढला आणि त्याच्या हातात दिला. घरातल्या मावशींनी न विचारताच चहा आणून ठेवला. ओट्यावर बसून मी वर जाणारी माणसं बघत राहिलो. हेवा वाटला, तो लपवण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला उठवलं. मांड्या थरथरल्या, पण ती खुर्चीत नीट बसली.

"तोरणा कसा होता?" तिनं विचारलं.

"सिंहगडावरून छान दिसतो," मी म्हणालो.

खरा ठणका तिसऱ्या दिवशी सुरू झाला. जिना मी उलटा, कठडा धरून उतरत होतो. तोवर बाई कामावर आल्या होत्या.