हवेचे छत आणि ते मोजणारे उपग्रह



मार्गशीर्ष-पौषातल्या पहाटे गावाजवळची टेकडी आपल्यापैकी पुष्कळांनी चढली असेल. खाली गावातला धूर सरळ वर जाऊन विरून जात नाही. कोणी पट्टी धरून रेघ ओढावी तसा एका उंचीवर थबकतो आणि आडवा पसरतो. आपण त्या रेघेच्या वर कोवळ्या उन्हात उभे, आणि गाव खाली राखी दुलईत निजलेले. ती रेघ हाच आमचा आजचा विषय. जमिनीला टेकून असलेली, जमिनीबरोबर तापणारी आणि निवणारी जी हवा, तिला शास्त्रज्ञ सीमास्तर म्हणतात. ती रेघ म्हणजे त्या स्तराचा माथा. आम्ही त्याला घरगुती भाषेत छत म्हणू.

हे छत मोठे चंचल आहे. ऊन चढले की तापलेल्या जमिनीवरची हवा उसळ्या मारीत वर जाते आणि छताला ढकलीत नेते. दुपारी ते बहुधा एक-दोन किलोमीटरांवर असते. वैशाखात उत्तर भारताच्या कोरड्या मुलखात तीन-चार किलोमीटरांपर्यंतही जाते. सूर्य मावळला की जमीन झपाट्याने निवते, तिच्या लगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते, आणि थंड, जड हवा तळाशी बसली की सारी घुसळण थांबते. मग नवे छत तयार होते ते शंभर-दोनशे मीटरांवर.

यात आपले काय जाते, असे कोणी विचारील. दिल्लीचा हिवाळा घ्या. समजा, दुपारी दीड हजार मीटर उंचीच्या हवेत पसरणारा धूर रात्री दीडशे मीटरांत कोंडला. मोटारी, चुली, वीटभट्ट्या यांच्या धुरात रतीभरही भर न पडता श्वासातला धूर दसपट झाला! हा हिशेब अर्थात ढोबळ आहे. तेव्हा उद्या दम्याच्या रोग्याने घराबाहेर पडावे की नाही, हे सांगायचे तर धुराइतकीच छताची उंचीही ठाऊक हवी.

ती मोजण्याचे जुने साधन म्हणजे यंत्र बांधून सोडलेला फुगा. तो वर जाताना उष्णता आणि ओलावा सांगत जातो. जगभरच्या वेधशाळांनी फुग्यांच्या दोन वेळा ठरवून घेतल्या आहेत. आपल्या घड्याळाने त्या पहाटे व सायंकाळी साडेपाचला येतात. म्हणजे छत सर्वांत उंच असते ती दुपारची वेळ नेमकी दोहोंच्या मध्ये निसटते. शिवाय अरबी समुद्राच्या मध्यावर रोज फुगा सोडायला कोण जाणार? म्हणून उपग्रहाकडे वळावे लागले.

अमेरिका आणि फ्रान्स यांनी मिळून २८ एप्रिल २००६ रोजी कॅलिप्सो नावाचा उपग्रह सोडला. साधारण सातशे किलोमीटरांवरून तो सेकंदाला वीस वेळा लेसरचा झोत खाली टाकी. झोतातला किंचित प्रकाश हवेतल्या धूलिकणांवरून परत येई, आणि परतायला किती वेळ लागला त्यावरून कण किती उंचीवर आहेत ते कळे. जाऊन येण्याला सेकंदाचा दोनशेवा हिस्साही पुरत असे. पण घड्याळ एवढे सूक्ष्म की खालच्या हवेत तीस मीटरांचा फरक ओळखावा. जिथे धूळ एकदम सरते तिथे छत. उपग्रह डोक्यावरून जाई तो दुपारी दीडच्या सुमारास, फुग्याने चुकवलेल्या वेळेच्या जवळच. मात्र त्याची वाट सुतासारखी बारीक; त्याच जागी परत यायला सोळा दिवस. दाट ढग आला की खालचे दिसणे बंद.

तो रात्री दीडलाही जाई, आणि खरी फसगत तिथे होते. छत रात्री खाली येते खरे, पण दुपारी वर गेलेली धूळ त्याच्याबरोबर उतरत नाही. ती रात्रभर वरच लटकून राहते. लेसरला दिसते ती कालच्या दुपारची धूळ. पाहुणे जेवून गेल्यावर उष्ट्या पत्रावळी मोजून घरात आत्ता माणसे किती आहेत ते सांगण्यासारखेच हे. आमच्या मते उपग्रहाच्या आकड्यापुढे दुपार की रात्र हे लिहिल्यावाचून तो आकडा कोणाला देऊच नये. कॅलिप्सोचे काम २०२३ साली संपले.

दुसरी युक्ती अगदी निराळी आहे. चंद्राआड तारा जातो त्याला पिधान म्हणतात, ते आपल्याला पंचांगामुळे ठाऊक आहे. तसाच, दिशा दाखवणाऱ्या जीपीएस उपग्रहांपैकी एखादा पृथ्वीच्या कडेआड जात असता दुसरा उपग्रह त्याचा रेडिओ-संदेश ऐकत राहतो. तो संदेश हवेतून येताना वाकतो. छताखाली बाष्प पुष्कळ आणि वर थोडे, त्यामुळे तिथे वाकण्याचे मान एकदम बदलते. ढग असो, रात्र असो, या रीतीला अडथळा नाही. २००६ च्या एप्रिलमध्ये तैवान व अमेरिका यांनी यासाठी सहा उपग्रह सोडले आणि जून २०१९ मध्ये आणखी सहा. हे दुसरे सहा विषुववृत्ताच्या आसपासच फिरतात. आपल्या ओशनसॅट-२ (२००९) आणि मेघा-ट्रॉपिक्स (२०११) या उपग्रहांवरही असे इटालियन यंत्र बसवलेले होते.

समुद्रावर ही रीत फार उपयोगी. पण संदेशाचा किरण हवेतून आडवा येतो, म्हणून त्याचे उत्तर दोन-एकशे किलोमीटरांची सरासरी असते. दिल्ली आणि भोवतालची शेते त्याला वेगळी करता येत नाहीत. त्यात जमिनीलगतच्या शेवटच्या काही शे मीटरांत संदेश पुष्कळदा हरवतो, आणि दिल्लीचे पौषातले रात्रीचे छत असते ते तिथेच. त्या छतासाठी आजही जमिनीवरच लेसर ठेवून तो वर रोखावा लागतो.

२८ मे २०२४ रोजी युरोप आणि जपान यांचा अर्थकेअर नावाचा उपग्रह वर गेला. त्याचा लेसर अतिनील प्रकाशाचा आहे आणि तो चारशे किलोमीटरांच्या आतून, म्हणजे बराच जवळून पाहतो. त्याची आपल्या डोक्यावरून जाण्याची वेळ दुपारी दोनच्या आणि रात्री दोनच्या सुमाराची. तेव्हा वर लटकून राहिलेल्या कालच्या धुळीचे कोडे त्याच्याही वाट्याला आलेच आहे.