खाडीवरचा रविवार



रविवारी सकाळी बोरिवलीहून गोराईची खाडी ओलांडणारी फेरीबोट पाहा. पोरंबाळं, जेवणाचे डबे, चटया, फुगवलेला चेंडू. पाय ठेवायला जागा नसते. ही गर्दी पाहिली की मला एक साप्ताहिक आठवतं, 'दीनबंधु'.

सत्यशोधक कृष्णराव भालेकरांनी ते १८७७ साली पुण्यात काढलं. पुढे १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईत आणून चालवलं. लोखंडे गिरणीत स्टोअरकीपर होते. कापसाची धूळ आणि मुकादमाचा आवाज त्यांच्या रोजच्या ओळखीचा होता. त्या गिरण्यांत दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम चाले आणि आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती.

बहुतेक कामगारांना अक्षर येत नव्हतं. मग वर्तमानपत्र त्यांच्या काय कामाचं? फार कामाचं! चाळीत एकजण मोठ्याने वाची आणि बाकीचे कान देऊन ऐकत. आपलंच दुखणं छापून आलेलं ऐकलं की एकट्याचं दुखणं सगळ्यांचं होतं, आणि मग सभेला माणसं जमतात. १८८४ मध्ये लोखंड्यांनी अशाच सभा भरवल्या. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या मान्यतेचा अर्ज सरकारने नेमलेल्या कमिशनपुढे गेला. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार. मागण्या एवढ्याच, पण मालकांना त्या फार वाटल्या. अखेर १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली.

वर्तमानपत्र चळवळीचं संघटकही असतं, असं लेनिनने १९०१ मध्ये लिहिलं. लोखंड्यांनी ते त्याआधीच मुंबईत करून दाखवलं होतं, आणि याचं मला फार अप्रूप वाटतं.

पुढे २२ जुलै १९०८ रोजी 'केसरी'तल्या लेखांसाठी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवलं, शिक्षेच्या एकेका वर्षासाठी एकेक दिवस. रस्त्यावर गोळ्या चालल्या. त्या कामगारांपैकी किती जणांनी ते लेख स्वतः वाचले असतील? बहुतेकांनी ऐकलेच असणार, जसं आत्ता तुम्ही मला ऐकताय.

येत्या रविवारी गोराईला आलात, तर बोटीत शेजारी बसलेल्याला नारायण मेघाजी लोखंडे हे नाव जरूर सांगा.